आडवे, मग उभे

१

बोटींच्या अंगावरचे चरे काढायचं काम मी एकवीस वर्षं करतो आहे. मला ते कोणी शिकवलं नाही. पहिली तीन वर्षं चुका केल्या, त्या वहीत लिहून ठेवल्या आणि पुढची अठरा वर्षं त्या वह्यांवरच निभावलं. आता सोळावी वही चालू आहे. शेडमध्ये माझ्याबरोबर एक सुतार काम करतो. तो मला डॉक्टर म्हणतो, कारण मी प्रत्येक बोटीचा केसपेपर लिहितो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फायबरच्या बोटीवर बाहेरून एक कडक, चकचकीत थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. पत्त्यांची दोन पानं एकावर एक ठेवली की जेवढी होते तेवढी त्याची जाडी. चरा पडतो तो या थरात. तो काढायचा म्हणजे आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. दर वेळी बोट थोडी पातळ होते. हात जरा जास्त चालला की खालचं फायबर उघडं पडतं, आणि आमच्या धंद्यात त्याहून मोठी नाचक्की नाही.

घासायला वॉटर पेपर लागतो, पाणी मारून वापरायचा पॉलिश पेपर. नंबर वाढेल तसा पेपर बारीक. चारशेने सुरुवात, मग सहाशे, आठशे, बाराशे, दोन हजार, आणि शेवटी मशीनवर पॉलिश. पेपर बदलला की दिशाही बदलायची. चारशे आडवा मारला असेल तर सहाशे उभा. म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा नव्या रेघांत लपत नाहीत. उभ्या रेघांत एक जरी आडवी दिसली तरी समजायचं की आधीचं काम अर्धवट राहिलंय, परत मागे जा.

पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून मी एका जागी चाळीस हात मारतो. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही. मग पाणी मारून पुसतो आणि भिंगातून बघतो.

२

ही बोट माझ्या ताईची. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई सोळाची. माझे डबे, माझी दप्तरं, माझी तापाची दुखणी, सगळं तिने काढलं. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले. तिच्या शिलाई मशीनसमोर खिडकी होती आणि खिडकीतून धक्क्याच्या बोटी दिसायच्या. साठी उलटल्यावर तिने आणि भाऊजींनी एक जुनी बोट घेतली, दोन माणसं झोपतील एवढी केबिन असलेली. ताईने स्वतःसाठी काही मागितलं, असं माझ्या आठवणीत हे पहिलंच.

"इंजिन ह्यांनी करून घेतलंय," ती म्हणाली. "रंगरूप तू बघ. पुढच्याच्या पुढच्या रविवारी पाण्यात घालायची. मी एकदा तारीख ठरवली की बदलत नाही."

"आमच्या लग्नाची तारीखसुद्धा हिनेच ठरवली होती," भाऊजी म्हणाले. "मला आदल्या दिवशी कळवलं."

"कळवलं हे काय कमी झालं?"

मग तिने मला आत नेलं. दोन्ही बाजूंना दोन बाकडी, मधे जेमतेम पाऊल ठेवायला जागा. डावं बाकडं तिचं, उजवं भाऊजींचं. गादीचं माप घेऊन झालेलं होतं, खोळीही शिवून तयार होत्या. ती डाव्या बाकड्यावर आडवी झाली, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले.

"बघ, अशी झोपणार. मागे भिंत असली की मला गाढ लागते."

३

सोमवारी बोट धुतली आणि अंगभर काळी पूड चोळली. पूड चऱ्यांत बसते, बाकीची पुसली जाते आणि बोटीने काय काय सोसलंय ते वर येतं. धक्क्याला घासल्याच्या खुणा होत्या, दोरांच्या होत्या, एका ठिकाणी साखळी आपटलेली होती. सगळं नेहमीचं.

डाव्या कुशीला, माझ्या छातीच्या उंचीवर, एक पट्टा मात्र वेगळा होता. सात सेंटिमीटर रुंद, हातभर लांब, आडव्या, समांतर रेघांचा. कोणीतरी खरखरीत पेपरने घासायला घेऊन अर्धवट सोडल्यासारखा. माझ्याकडे नमुन्याची एक फळी आहे. तिच्यावर मी प्रत्येक नंबरच्या पेपरचा एकेक चौकोन घासून ठेवलाय, म्हणजे भिंगातून ताडून बघता येतं. रेघा ऐंशी नंबरशी जुळल्या. ऐंशी नंबर लाकडाला ठीक, जेलकोटवर तो कोणी मारत नाही. वहीत लिहिलं: "आधीच्या मालकाचा उपद्व्याप."

रेघा आडव्या, म्हणून मी चारशे उभा मारला. चाळीस हात, पाणी, फडकं, भिंग.

चरा नांगराच्या तासासारखा असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. म्हणून घासत गेलं की तो बारीक होत जातो, केसाएवढा होतो आणि नाहीसा होतो. एकवीस वर्षांत मी याला अपवाद पाहिलेला नव्हता. या रेघा रुंद झाल्या होत्या.

परत चाळीस मारले. आणखी रुंद झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर त्या एकमेकींत मिसळल्या आणि पट्ट्यावर फक्त माझ्या उभ्या रेघा उरल्या. काम झालं होतं, पण ज्या रीतीने व्हायला हवं होतं त्या रीतीने झालं नव्हतं. मी वहीत लिहिलं, "रेघा खालून वर आल्यासारख्या," आणि ते खोडलं. वहीत दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही. खोडलेल्या ओळीवर लिहिलं: "थरात हवा राहिली असावी."

४

मंगळवारी सकाळी पट्ट्यावर आडव्या रेघा होत्या. ऐंशीच्या नव्हेत, त्याहून बारीक. फळीवर ताडल्या, एकशेऐंशी.

मी सहाशे घेतला आणि तो या वेळी आडवा चालवला, रेघांच्याच दिशेने, काय होतं ते बघायला. पट्टा साफ झाला. बुधवारी सकाळी रेघा उभ्या होत्या. तीनशेवीस.

शेडला कुलूप असतं. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक सुताराकडे. सुताराला चेष्टेची हौस आहे. एकदा त्याने माझ्या भिंगाच्या काचेला ग्रीस लावून मला तासभर चऱ्यांऐवजी ढग दाखवले होते. तेव्हा मी बुधवारी पट्टा साफ केला, त्यावर कोरा कागद ठेवला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक पट्टीवर अर्धी सही कागदावर, अर्धी बोटीवर येईल अशी केली. माझी सही वळणाची आहे. सुताराला ती जन्मात जमणार नाही.

गुरुवारी सकाळी चारही सह्या जशाच्या तशा होत्या. कागद काढला. खाली आडव्या रेघा होत्या, चारशे नंबरच्या. बुधवारी मी शेवटचा हात उभा मारला होता.

मी स्टुलावर बसलो आणि आतापर्यंतच्या नोंदी एकाखाली एक लिहून काढल्या. ऐंशी, एकशेऐंशी, तीनशेवीस, चारशे. सोमवारनंतर दर वेळी माझ्या शेवटच्या हाताला काटकोनात. दर वेळी आदल्या दिवसापेक्षा बारीक. कोणी नासधूस करत असतं तर त्यात क्रम नसता. हा क्रम मला पाठ होता, कारण मी रोज तोच करतो.

५

त्याच दुपारी सुतार शेडच्या दुसऱ्या टोकाला रंधा मारत होता. मी पट्ट्यावर होतो. चाळीस झाले, हात थांबवला, पाण्याची बाटली उचलली.

"डॉक्टर," सुतार ओरडला, "घरी काही बिनसलंय का?"

"का रे?"

"एकेचाळीस मारलेत. बारा वर्षं ऐकतोय, तुमचे कधी एकेचाळीस होत नाहीत."

"चाळीसच मारले."

"मी मोजले ना. तुमच्या आवाजावर माझा रंधा चालतो. चाळीस झाले की मी बिडी पेटवतो." त्याने तोंडातली बिडी काढून दाखवली. ती नुकतीच पेटलेली होती. "आज पेटवली आणि वर एक आला."

"रंध्याचा असेल."

"रंधा खाली ठेवल्याशिवाय बिडी कशी पेटवणार? तिसरा हात आहे का मला?"

मी परत चाळीस मारले. सावकाश, प्रत्येक आकडा ओठांवर आणून. चाळिसाव्याला ठोकळा बोटीवरून उचलला आणि हवेत धरून ठेवला. मग एक हात ऐकू आला. ओल्या पेपरचा सर्र असा आवाज असतो, तसा नव्हता. कोरडा, दबका, लांबवर कोणी गादीवरून तळवा फिरवावा तसा.

"बघा," सुतार म्हणाला. "एकेचाळीस."

तो हसत होता. त्याला त्यात हसण्यासारखं वाटलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

६

संध्याकाळ व्हायच्या आत मी केबिनमध्ये गेलो. कोणी पेपर मारत असेल तर आतून मारत असेल, एवढा एकच तर्क उरला होता. डाव्या बाकड्याची पाठीमागची फळी चार स्क्रूंवर होती. ती काढली. मागे बोटीची भिंत, उघडं फायबर, गोणपाटासारखं खरबरीत, रंग न दिलेलं. बाहेर जिथे पट्टा होता नेमक्या त्याच जागी आतून कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धुळीने जड झालेलं. एक तंतूही तुटलेला नव्हता. फायबरवर बोट फिरवलं तर बोटाला वर्षानुवर्षांची धूळ लागली.

म्हणजे बाहेरून कोणी हात लावला नव्हता, हे सह्यांनी सांगितलं. आतून कोणी लावला नव्हता, हे जाळ्याने सांगितलं. मधे उरते ती भिंत. तिची जाडी मी कडेला मोजली. आठ मिलिमीटर.

मी तिथे बसून आठ मिलिमीटरमध्ये काय काय मावतं याचा विचार केला. मुंगी मावते. चावी मावते. पोस्टातून आलेलं जाड पाकीट मावतं. मग मला जाणवलं की मी ताईच्या जागेवर, ती बसेल तसा बसलोय आणि पाठ भिंतीपासून वीतभर पुढे धरलीय. मी फळी परत लावली. स्क्रू लावताना एक हातातून निसटला, तो सापडायला बराच वेळ लागला.

७

शुक्रवारी भाऊजी इंजिनचं बघायला आले होते. त्यांना मी म्हटलं, थर किती उरलाय ते उजेड लावून बघायचंय, दहा मिनिटं द्या. ही आमची नेहमीची रीत आहे. आतून दिवा धरला की उघड्या फायबरमधून उजेड झिरपतो, आणि जिथे जेलकोट पातळ झाला असेल तिथे जास्त उजळ दिसतं. मी शेडचा दरवाजा लोटून घेतला. भाऊजी फळी काढून आत बसले.

"धरला," ते आतून म्हणाले.

बोटीच्या कुशीला मधाच्या रंगाचा एक गोल उमटला. पट्ट्याच्या जागी तो जास्त उजळ होता, मला अपेक्षा होती त्याहून बराच. मी जवळ गेलो. उजेडात मधोमध सावली होती.

"भाऊजी, हात बाजूला घ्या. मधे येतोय."

"कुठला हात? एका हातात दिवा आहे, दुसऱ्यात बिस्किट. बिस्किटाची सावली पडतेय का?"

"दिवा जरा लांब न्या."

वस्तू भिंतीपासून लांब असेल तर दिवा हलला की तिची सावली सरकते, पसरते. ही सरकली नाही. दिवा लांब गेला तसा गोल मोठा आणि फिका झाला, सावली तेवढीच राहिली, कडा स्पष्ट. चार बोटं दिसत होती, जवळ जवळ ठेवलेली. अंगठा कडेने खाली सोडलेला. आणि बोटांच्या खाली एक चौकोन. सात सेंटिमीटर रुंद. ठोकळा धरायची माझी पद्धत अशीच आहे. बहुतेक जण अंगठा वर ठेवतात. मी कडेने सोडतो, त्याने दाब सारखा पडतो. ही गोष्ट माझी मी शोधून काढलेली आहे.

"काय दिसतंय?" भाऊजींनी विचारलं. तोंडात बिस्किट होतं.

"थर पातळ आहे," मी म्हणालो.

सावली उजवीकडे गेली, थांबली, डावीकडे आली. सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखी. मी अठरापर्यंत मोजलं.

"बास करा," मी म्हणालो. "या बाहेर."

८

शनिवारी मी ताईकडे गेलो. ती पडद्यांना कडा घालत होती. बोटीचे पडदे, इवलेसे, बाहुलीच्या घराचे असावेत असे. मी तिच्यासमोर वही ठेवली.

तिने चष्मा चढवला आणि सगळं वाचलं. ती वाचते तेव्हा पूर्ण वाचते, तारखांसकट. मशीन बंद होतं. स्वयंपाकघरातून भाऊजींनी चहा ढवळल्याचा आवाज येत होता.

"यात तू असं कुठेच लिहिलं नाहीस की बोट कच्ची आहे," ती म्हणाली.

"कच्ची नाही. पाणी यायचं नाही आत."

"मग?"

"ताई, ही बोट पाण्यात घालू नकोस."

"कारण सांग."

"कारण नाही सांगता येत."

"तुला? तू शाळेतून उशिरा आलास तर दोन पानी कारण लिहून आणायचास." तिने वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "दिवा लावून काय दिसलं ते यात नाही."

"नाही लिहिलं."

"का?"

दिसेल ते लिहायचं हा माझा नियम. मी वही उचलून घेतली. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी कपाळावर हात ठेवण्याआधी बघायची तशी.

"डोळे तपासून घे," ती शेवटी म्हणाली. "पन्नाशीनंतर नंबर झपाट्याने बदलतो. आणि दमलायस तू. राहू दे तो पट्टा. मला काय आरसा हवाय का? चार चरे असले तर असू देत, मलाही आहेत."

भाऊजी चहा घेऊन आले. "अगं, तुझ्या भावावर सोडलं तर तो घासून घासून बोटीचा कागद करेल आणि आपल्याला होडी घडी घालून देईल."

मी हसलो. चहा घेतला. निघताना तिला एवढंच म्हणालो की डाव्याऐवजी उजव्या बाकड्यावर झोप.

"तिकडे हे," ती म्हणाली. "ह्यांनी जागा बदलली तर रात्रभर उलटं घोरतात."

९

मी घासणं बंद केलं. माझ्या हाताला काटकोनात ते चालतं, तर माझा हातच नको, असा हिशेब केला. उरलेली बोट मी व्यवस्थित पूर्ण केली. पट्ट्यापासून दोन्हीकडे फूटभर अंतर ठेवलं.

त्याने फरक पडला नाही. शुक्रवार-शनिवार मी पट्ट्याला भिंग लावलं नव्हतं. रविवारी उभ्या रेघा, सहाशे. सोमवारी आडव्या, आठशे. मंगळवारी उभ्या, हजार. आता ते स्वतःच्याच आदल्या दिवसाच्या कामाला काटकोनात चालत होतं. बुधवारी बाराशे, गुरुवारी दोन हजार. काम उत्तम होतं. आदल्या पेपरची एकही रेघ मागे राहिलेली नव्हती, आणि मी त्या सोडून काही शोधत नव्हतो. शुक्रवारी पट्टा दुधी दिसत होता, कंपाउंडचा, म्हणजे पॉलिशच्या लेपाचा, पहिला हात मारल्यावर दिसतो तसा.

शनिवारी सकाळी शेड उघडली आणि मला पट्टा सापडला नाही. जागा सापडली, कारण चिकटपट्टीच्या खुणा होत्या. तिथे एकही रेघ नव्हती. भिंगातून नव्हती, तिरपा दिवा धरून नव्हती, पूड चोळून नव्हती. पूड बसायला काही नव्हतंच.

सुतार येऊन शेजारी उभा राहिला. त्याने शीळ घातली. "डॉक्टर, हे काय लावलंत? दात कोरताना बघता येईल यात."

तो गेल्यावर मी ग्राइंडर आणला. ठरवूनच आलो होतो. त्या जागी वीतभर भोक पाडायचं, बोट रविवारी पाण्यात जायची नाही, ताई वर्षभर बोलली नाही तरी चालेल. वायर लावली, बटण दाबलं, चाक फिरू लागलं. मी ते कुशीपासून बोटभर अंतरावर धरलं.

मी घाबरून थांबलो असं लिहिता आलं असतं आणि कोणी दोष दिला नसता. पण तसं झालं नाही. एकवीस वर्षांत माझ्या हातून अशी चकाकी आलेली नाही. कुठेही लाट नाही, कुठेही कडेला पेपर जास्त चावल्याची खूण नाही. ज्याने हे केलं त्याला कामाची जाण होती. त्यावर चरा पाडायला माझा हात पुढे झाला नाही. चाक फिरत राहिलं, मी ते धरून उभा राहिलो आणि मग बटण बंद केलं.

मला एवढंच कळत होतं की पॉलिश झाल्यावर पुढचा पेपर नसतो. काम संपलेलं असतं. त्यानंतर वस्तू वापरायला देतात.

१०

रविवारी बोट पाण्यात गेली. ताईने निळा स्वेटर घातला होता. भाऊजींनी दोर सोडताना स्वतःचा पाय त्यातच अडकवला आणि धक्क्यावरच्या तिघांनी मिळून तो सोडवला. हवा स्वच्छ होती, पाणी शांत.

ताई म्हणाली, "मी जरा आडवी होऊन बघते, पाण्यावर कसं वाटतं ते."

मी तिच्या आधी आत गेलो आणि डाव्या बाकड्यावर बसलो.

"ऊठ की. माझी जागा आहे ती."

"आज माझी."

"लहानपणी बसमध्ये खिडकीसाठी असाच अडून बसायचास," ती म्हणाली. ती समोरच्या बाकड्यावर बसली आणि पाय वर घेतले. "बस. पाठ तरी टेक, असा शाळेच्या इन्स्पेक्टरसारखा ताठ काय बसलायस?"

मी पाठ टेकली.

सुरुवातीला फक्त इंजिनची थरथर होती आणि पाण्याचा आवाज. ताई बोलत होती. आई गेली त्या वर्षी ती मला धक्क्यावर घेऊन गेली होती आणि मी बोटींना नावं ठेवली होती, त्यातलं एकही तिला आठवत नव्हतं आणि मला सगळी आठवत होती. मी सांगत गेलो. पाचवं नाव सांगताना पाठीमागे, शर्टाच्या आतून, खांद्याच्या हाडाखाली काहीतरी टेकलं. सात सेंटिमीटर रुंद. ते डावीकडून उजवीकडे गेलं, थांबलं आणि परत आलं.

मला नमुन्याच्या फळीवर ताडून बघायची गरज नव्हती. ऐंशी नंबर.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. सहावं नाव आठवतोय."

मी हललो नाही. हललो असतो तर ती तिथे बसली असती. मनात मोजत राहिलो. चाळीसला ते थांबलं. तीन तासांत तेवढंच झालं, पुढे काही नाही. परत धक्क्याला लागल्यावर मी वाकून कुशीकडे बघितलं. त्या जागची चकाकी गेली होती. पाण्याचे शिंतोडे, दोराचा एक ताजा ओरखडा, कोणत्याही बोटीच्या अंगावर असतं तसं साधं, मळकट पांढरं.

११

ताई आता त्या बोटीवर झोपते. परवा फोनवर म्हणाली की इतकी गाढ झोप तिला लग्नाआधीपासून लागलेली नाही. भाऊजी मागून म्हणाले की आता तीच घोरते. मी विचारलं, भिंतीकडून काही आवाज वगैरे? ती म्हणाली, "पाण्याचा. दुसरा कसला असणार? ये की एकदा राहायला."

मी म्हटलं, बघतो.

त्या रविवारी संध्याकाळी, बोटीवरून आल्यावर, मी बायकोला पाठ बघायला सांगितली होती.

"अगं बाई, हे कुठे खरचटलं?" ती म्हणाली. "केवढा पट्टा उमटलाय."

"आडवे आहेत की उभे?"

"काय?"

"ओरखडे."

"आडवे. बोट होती की करवत होती ती?"

तिने मलम लावलं. ती पूर्वी दवाखान्यात काम करायची, तिच्या हाताला सफाई आहे. सोमवारी तिला परत विचारलं, तर म्हणाली उभे, आणि म्हणाली की काल तिचंच बघण्यात चुकलं असेल. मंगळवारी आडवे. दुखत नाही. पहाटे जाग येते तेव्हा ते चालू असतं आणि मी मोजतो. चाळीसला थांबतं. मग मी उठून चहा ठेवतो.

कातडीची जाडी मी एका पुस्तकात बघितली. पाठीवर ती इतर जागांपेक्षा जास्त असते. आकडा वहीत लिहून ठेवलाय.

शेडमध्ये नेहमीचं काम चालू आहे. एक मासेमारीची बोट आलीय, पुढच्या बाजूला सगळी खरवडलेली. मी चारशे आडवा मारतो, सहाशे उभा. सुतार म्हणतो, आता बरोबर चाळीस होतात.

काल बायकोने माझा शर्ट वर केला आणि खिडकीकडे वळवून उजेडात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बारीक झालेत गं किती," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "अहो, छान बरे होतायत. खपलीसुद्धा धरली नाही. उद्यापर्यंत दिसणारही नाहीत."

आणि तिने त्या जागी आपला तळवा ठेवला, सगळा, सपाट.

मी त्या भिंतीला अशीच पाठ टेकली होती. मी एकदम उठून उभा राहिलो. खुर्ची मागे पडली.

"दुखलं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. मी तिचा हात हातात घेतला, उताणा केला, उजेडात धरला आणि भिंगातून तळवा नीट बघितला. नेहमीचाच होता. मग मी तिला सांगितलं की मलम आता पुरे, आणि आजपासून मी बाहेरच्या खोलीत झोपेन.